"टेस्टिंग झालंय" म्हणजे नेमकं कोणतं टेस्टिंग? वेबसाइट-अ‍ॅप करून घेणाऱ्या प्रत्येक उद्योजकासाठी



वेबसाइट किंवा अ‍ॅप करून घेतलं की शेवटच्या हप्त्याच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "सर, टेस्टिंग सगळं झालंय, तुम्ही फक्त लाइव्ह करा." आपण मान डोलावतो आणि पैसे देऊन टाकतो. मग पुढचे सहा महिने डेव्हलपरला फोन करत बसतो.

आज आपण टेस्टिंगचे नेहमीचे प्रकार एकमेकांशेजारी ठेवून बघणार आहोत. तुम्हाला टेस्टर व्हायचं नाहीये. पण तुमच्या पैशातून झालेलं काम ताब्यात घेताना कोणता प्रश्न विचारायचा, हे माहीत हवं. "टेस्टिंग झालं का?" हा अर्धा प्रश्न आहे. "कोणतं टेस्टिंग झालं, आणि कोणतं राहिलं?" हा पूर्ण प्रश्न.

आधी एक खरी गोष्ट

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा कुडाळला मालवणी मसाला आणि काजूचा व्यवसाय आहे. जीएसटी नोंदणी आहे, ग्राहक महाराष्ट्रभर आहेत, आणि शेजारी म्हणून गोव्यातही बरेच आहेत. त्यांनी ऑनलाइन ऑर्डरची साइट करून घेतली. डेव्हलपर ओळखीतला, मेहनती मुलगा. त्याने टेस्टिंग केलं होतं, खोटं बोलला नव्हता. पुण्याचा पत्ता टाकून बिल काढलं, बंगळुरूचा पत्ता टाकून बिल काढलं. दोन्ही बरोबर आली.

दिवाळीच्या मोसमात गोव्याच्या ऑर्डरी धडाधड आल्या. ग्राहक खूश, ताई खूश. रिटर्नही भरून झाले. दोन महिन्यांनी सीएंचा फोन आला: "ताई, गोव्याच्या बिलांवर सीजीएसटी-एसजीएसटी का लावलाय? गोवा वेगळं राज्य आहे, तिथे आयजीएसटी लागतो."

झालं काय होतं? राज्य ओळखायला डेव्हलपरने पिनकोडचा पहिला आकडा धरला होता. ४ ने सुरू होतो तो महाराष्ट्र. पुणे ४११, बरोबर. बंगळुरू ५६०, महाराष्ट्र नाही, तेही बरोबर. पण पणजी ४०३००१, म्हापसा ४०३५०७, मडगाव ४०३६०१. गोव्याचे पिनकोडसुद्धा ४ नेच सुरू होतात! इतकंच नाही, ४५ ते ४८ ने सुरू होणारे मध्य प्रदेशात आणि ४९ चे छत्तीसगडमध्ये आहेत.

ही चूक दिसत कशी नाही ते बघा. १००० रुपयांच्या मसाल्यावर ५ टक्के कर. महाराष्ट्रात २५ रुपये सीजीएसटी आणि २५ रुपये एसजीएसटी. गोव्याला ५० रुपये आयजीएसटी. ग्राहकाने द्यायची रक्कम दोन्हीकडे १०५० रुपयेच! ग्राहक तक्रार करणार नाही, बँकेत पैसे बरोबर जमा होणार. चूक फक्त कराच्या खात्यात आहे. आणि ती निस्तरायची म्हणजे योग्य खात्यात कर नव्याने भरायचा आणि चुकून भरलेल्याचा परतावा मागायचा. परतावा मिळेपर्यंत तेवढे पैसे अडकले. लहान धंद्यात खेळतं भांडवल अडकणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. भाताला ते चालतं, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत सारखंच शिजलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शीत वेगळं शिजतं. म्हणून एकच टेस्टिंग पुरत नाही.

चार पायऱ्या: लहान तुकड्यापासून तुमच्या दुकानापर्यंत

टेस्टिंगचे मुख्य चार टप्पे आहेत. प्रत्येक टप्पा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

१. युनिट टेस्टिंग. प्रश्न: हा एक छोटा तुकडा एकटा नीट चालतो का? पिनकोड दिला की राज्य सांगणारा तुकडा, वजन दिलं की कुरिअरचा दर काढणारा तुकडा, असे कोडचे लहान भाग एकेकटे तपासायचे. हे काम डेव्हलपरचं. त्याला वेळ कमी लागतो आणि चूक इथेच सापडली तर दुरुस्ती सगळ्यात स्वस्त पडते.

पण युनिट टेस्ट तितकीच चांगली, जितकी तिला दिलेली उदाहरणं चांगली. ताईंच्या साइटवर ४११ आणि ५६० तपासले, ४०३ तपासला नाही. इथे कामाला येते सीमारेषेची चाचणी. जिथे नियम बदलतो, बरोबर तिथेच बोट ठेवायचं. "९९९ रुपयांपासून पुढे डिलिव्हरी मोफत" असं ठेवलंय? मग ९९८, ९९९ आणि १००० अशा तीन ऑर्डरी टाका. ५०० आणि २००० तपासून काही कळत नाही, त्या नेहमीच पास होतात.

२. इंटिग्रेशन टेस्टिंग. प्रश्न: दोन तुकडे जोडल्यावर एकमेकांचं बोलणं त्यांना नीट समजतं का? तुमची साइट, पेमेंट गेटवे, कुरिअर कंपनीची यंत्रणा, एसएमएस पाठवणारी सेवा, बिलिंग सॉफ्टवेअर. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो, घोटाळा जोडणीत होतो.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण अंतराळातलं आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचलं आणि तिथेच गमावलं गेलं. पृथ्वीवरच्या एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंडाच्या मापात दिले, पुढच्या सॉफ्टवेअरने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. आकडेमोड दोघांचीही बरोबर होती. फक्त एक जण शेरात बोलत होता आणि दुसरा किलोत ऐकत होता.

आपल्या धंद्यात हेच पेमेंटच्या वेळी होतं. ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले, पैसे कापले गेले, आणि परत साइटवर यायच्या आधी त्याने फोन खिशात टाकला किंवा रेंज गेली. आता गेटवे म्हणतो पैसे आले, साइट म्हणते ऑर्डर अपूर्ण. ग्राहक तुम्हालाच फसवे म्हणणार! बहुतेक पेमेंट गेटवेंना टेस्ट मोड असतो. त्यात खरे पैसे न जाता व्यवहार करून बघता येतो. डेव्हलपरला चार गोष्टी समोर करून दाखवायला सांगा: यशस्वी पेमेंट, फसलेलं पेमेंट, मध्येच पान बंद करणं, आणि "पैसे भरा" हे बटण घाईत दोनदा दाबणं.

३. सिस्टिम टेस्टिंग. प्रश्न: ठरलेल्या सगळ्या गोष्टी पूर्ण यंत्रणेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत होतात का? ग्राहक येतो, माल निवडतो, पत्ता देतो, पैसे भरतो, बिल मिळतं, साठा कमी होतो, तुम्हाला मेसेज येतो. हा सगळा प्रवास एकत्र तपासायचा. टीम मोठी असेल तर हे काम वेगळा टेस्टर करतो. एकट्या डेव्हलपरकडून काम घेत असाल तर तोच करतो, आणि धोका तिथेच आहे. आपण लिहिलेल्या पत्रातली शुद्धलेखनाची चूक आपल्याला दिसत नाही, तसंच हे. त्यामुळे निदान त्याच्या एखाद्या मित्राने तरी तपासावं, असा आग्रह धरा.

४. अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग, म्हणजे यूएटी. प्रश्न: हे माझ्या धंद्याला चालेल का? आणि मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर जगातला कुठलाही डेव्हलपर तुमच्या वतीने देऊ शकत नाही. कुडाळच्या धंद्याचं गिऱ्हाईक गोव्यात असतं हे ताईंना माहीत होतं, कोड लिहिणाऱ्याला नाही. ताईंनी दहा मिनिटं बसून नेहमीच्या पाच ग्राहकांचे पत्ते टाकले असते, त्यात एक म्हापशाचा आलाच असता, आणि बिलावरचे कर एकदा सीएंना दाखवले असते, तर दोन महिन्यांचा व्याप वाचला असता.

यूएटी म्हणजे तुमचं काम. ते नाही केलं तर ते तुमचे ग्राहक करतात, आणि त्यांची रिपोर्ट लिहायची जागा म्हणजे गूगल रिव्ह्यू.

"हेच दहा ठिकाणी चालू आहे" यावर काय म्हणायचं?

बरेच डेव्हलपर तयार साचा वापरतात. त्यात वाईट काही नाही, खर्च वाचतो. पण "दहा क्लायंटकडे चालू आहे, टेस्टिंगची गरजच नाही" असं कोणी म्हणालं, तर त्याला एरियान ५ ची गोष्ट सांगा.

४ जून १९९६. युरोपचं नवं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत नष्ट झालं. कारण काय, तर आधीच्या एरियान ४ रॉकेटवर नीट चाललेल्या सॉफ्टवेअरचा एक भाग नव्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. त्या वेगाचा आकडा जुन्या कोडमध्ये ठेवलेल्या जागेत मावलाच नाही. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून त्या भागाची चाचणी झालेली नव्हती.

पुण्याच्या बेकरीकडे चालणारी साइट कुडाळच्या मसालेवाल्या ताईंकडे चालेलच असं नाही. रॉकेट बदललं की चाचणी नव्याने.

बदल केला की तीन वेगळ्या तपासण्या

साइट एकदा चालू झाली म्हणजे संपलं असं नसतं. दर बदलतात, नवा माल येतो, कुरिअर बदलतो. अशा वेळी तीन शब्द कानावर येतात. लोक ते एकमेकांत मिसळतात, पण फरक सोपा आहे.

स्मोक टेस्टिंग: गाडी स्टार्ट होते का, एवढंच. साइट उघडते, लॉगिन होतं, माल दिसतो, एक ऑर्डर जाते. पाच-दहा मिनिटांचं काम. हेच फसलं तर पुढचं काही तपासूच नका, परत पाठवा.

सॅनिटी टेस्टिंग: ज्या गोष्टीसाठी बदल केला, ती गोष्ट झाली का? गोव्याचा कर दुरुस्त करायला दिला होता ना? मग गोव्याचं बिल काढून बघा.

रिग्रेशन टेस्टिंग: बदल करताना जुनं काही बिघडलं का? हे सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि सगळ्यात जास्त नडतं.

ताजं उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. पाकीटबंद नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. आता समजा तुमचा फराळाचा धंदा आहे आणि लाडूचा १२ नगांचा डबा आहे. डेव्हलपरने घाईघाईत कोडमधला प्रत्येक १२ काढून तिथे ५ टाकला. चिवड्याचा कर बरोबर झाला. आणि लाडूचा डबा ५ नगांचा झाला! सॅनिटी टेस्ट पास, कारण चिवड्याचं बिल बरोबर येतंय. चूक फक्त रिग्रेशनमध्ये सापडली असती.

दुसरी गंमत. ऑगस्टमधल्या ग्राहकाने जुन्या बिलाची प्रत मागितली. ती प्रत १२ टक्के दरानेच निघायला हवी, कारण त्या दिवशी तोच दर होता. तुमच्या साइटने ते जुनं बिल नव्या दराने पुन्हा मोजून दिलं तर? हिशेबाच्या वह्यांशी जुळणारच नाही. म्हणून दर बदलला की एक नवं बिल आणि एक जुनं बिल, दोन्ही काढून बघा.

चालतं का, आणि कसं चालतं?

इथपर्यंत आपण "चालतं का" हे बघितलं. याला फंक्शनल टेस्टिंग म्हणतात. "कसं चालतं" हे बघणारं नॉन-फंक्शनल टेस्टिंग वेगळं. त्याचे चार प्रकार आपल्या कामाचे.

लोड टेस्टिंग. एकदम गर्दी झाली तर? २८ एप्रिल २०२१, दुपारचे ४ वाजलेत, आठवतंय? १८ ते ४४ वयोगटासाठी कोविनवर लसीची नोंदणी उघडली आणि सुरुवातीला अनेकांना पान उघडेना, ओटीपी येईना. थोड्या वेळाने सुरळीत झालं आणि त्याच दिवशी एक कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या. तीच यंत्रणा मार्चपासून ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदण्या घेत होती. म्हणजे काम येत होतं, प्रश्न एकाच मिनिटाला आलेल्या गर्दीचा होता. तुमच्याकडे रोज दहा ऑर्डरी असतील तर यावर खर्च करू नका. पण दिवाळीची मोठी जाहिरात करणार असाल, किंवा ठरलेल्या वेळी सेल उघडणार असाल, तर डेव्हलपरला विचारा, "एकाच वेळी २०० लोक आले तर?" अपाचे जेमीटर नावाचं मोफत साधन आहे, त्याने कृत्रिम गर्दी करून बघता येते. हे साइट लाइव्ह होण्याआधी करा, ऐन सेलमध्ये नको.

सिक्युरिटी टेस्टिंग. हे कितीही लहान धंदा असला तरी वगळायचं नाही. एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. ग्राहक म्हणून ऑर्डर टाका आणि ऑर्डरच्या पानाची लिंक बघा. शेवटी १०४५ असा नंबर असेल तर तो १०४४ करून बघा. दुसऱ्याच ग्राहकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर दिसला? साइट त्याच क्षणी बंद करा आणि दुरुस्त करून घ्या. ग्राहकाची माहिती सांभाळायची जबाबदारी तुमची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा त्यासाठीच आलाय. आणि हो, हा प्रयोग स्वतःच्याच साइटवर करायचा, दुसऱ्याच्या नाही!

युजेबिलिटी टेस्टिंग. लोकांना वापरता येतं का? घरातल्या काकूंच्या हातात फोन द्या, "अर्धा किलो मसाला मागवा" एवढंच सांगा आणि गप्प बसा. "इथे दाबा ना" असं सांगितलंत की टेस्ट फुकट गेली. काकू जिथे अडल्या, तिथे तुमचं गिऱ्हाईक सुटतं. या क्षेत्रातले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की अशी पाच माणसं बसवली तरी बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. पाच माणसं कोणालाही मिळतात. खर्च काय, तर चहा.

कंपॅटिबिलिटी टेस्टिंग. वेगवेगळ्या फोनवर, ब्राउझरवर चालतं का? डेव्हलपरकडे बहुतेक वेळा मोठा स्क्रीन आणि जोरदार इंटरनेट असतं. तुमच्या ग्राहकाकडे चार वर्षं जुना अँड्रॉइड आणि एक दांडी रेंज. दोन-तीन साधे फोन, एक आयफोन आणि एक लॅपटॉप, एवढ्यांवर बघा. आपल्या लोकांसाठी अजून एक खास तपासणी: नाव आणि पत्ता देवनागरीत टाका. बिलाच्या पीडीएफवर अक्षरांऐवजी चौकोन आले किंवा जोडाक्षरं फुटली तर आधीच कळेल.

मॅन्युअल, ऑटोमेशन आणि बाकीचे शब्द

*मॅन्युअल की ऑटोमेशन?* मॅन्युअल म्हणजे माणूस बसून तपासतो. ऑटोमेशन म्हणजे सेलेनियमसारख्या साधनात स्क्रिप्ट लिहून ठेवतात आणि तीच तपासणी संगणक हवी तितक्या वेळा करतो. हे टेस्टिंगचे प्रकार नसून ते करायच्या पद्धती आहेत. साधा हिशेब लावा. एखादी तपासणी हाताने १० मिनिटं घेते आणि तिची स्क्रिप्ट लिहायला ५ तास लागतात, तर ती तपासणी ३० वेळा झाल्यावर कुठे बरोबरी होते. वर्षातून दोनदा बदलणाऱ्या साइटला ऑटोमेशन विकत घेऊ नका. दर आठवड्याला बदलणारं अ‍ॅप असेल, तर रिग्रेशनसाठी ते पैसे वसूल करून देतं. काकू कुठे अडल्या, हे मात्र कुठलीही स्क्रिप्ट सांगणार नाही.

*ब्लॅक बॉक्स आणि व्हाइट बॉक्स.* कोड न बघता फक्त बाहेरून तपासलं तर ब्लॅक बॉक्स, आतला कोड वाचून तपासलं तर व्हाइट बॉक्स. तुमची यूएटी ब्लॅक बॉक्सच असते, त्यामुळे "मला कोडिंग येत नाही" ही सबब चालणार नाही!

*अल्फा आणि बीटा.* घरच्या, ऑफिसच्या माणसांनी वापरून बघितलं तर अल्फा. निवडक खऱ्या ग्राहकांना आधी दिलं तर बीटा. जीमेलवर २००४ पासून २००९ पर्यंत "बीटा" असं लिहिलेलं असायचं. तुम्ही एवढं थांबू नका. पण आधी २० विश्वासू ग्राहकांना लिंक द्या, "चूक सापडली तर सांगा, पुढच्या ऑर्डरवर सवलत" असं सांगा, आणि आठवड्याने सगळ्यांसाठी उघडा.

एका नजरेत

| प्रकार | कोणता प्रश्न? | कोण करतं? | लहान धंद्याला कधी? |
|---|---|---|---|
| युनिट | तुकडा एकटा चालतो का? | डेव्हलपर | नेहमी, निदान पैसे-कराच्या हिशेबासाठी |
| इंटिग्रेशन | जोडणी नीट आहे का? | डेव्हलपर | पेमेंट, कुरिअर जोडलं की |
| सिस्टिम | पूर्ण प्रवास होतो का? | टेस्टर किंवा दुसरा डेव्हलपर | ताब्यात घेण्याआधी |
| यूएटी | माझ्या धंद्याला चालतं का? | तुम्ही | शेवटच्या हप्त्याआधी |
| स्मोक | उघडतं का? | कोणीही | प्रत्येक बदलानंतर |
| सॅनिटी | सांगितलेला बदल झाला का? | तुम्ही आणि डेव्हलपर | प्रत्येक बदलानंतर |
| रिग्रेशन | जुनं बिघडलं का? | तुम्ही आणि डेव्हलपर | प्रत्येक बदलानंतर |
| लोड | गर्दी सोसते का? | डेव्हलपर | सेल किंवा मोठ्या जाहिरातीआधी |
| सिक्युरिटी | माहिती सुरक्षित आहे का? | डेव्हलपर, जमल्यास बाहेरचा जाणकार | नेहमी |
| युजेबिलिटी | लोकांना जमतं का? | तुम्ही, पाच माणसं बसवून | लाइव्ह होण्याआधी |
| कंपॅटिबिलिटी | सगळ्या फोनवर चालतं का? | तुम्ही आणि डेव्हलपर | लाइव्ह होण्याआधी |

तुमची यूएटी: एक वही, दोन तास

एक साधी वही किंवा एक्सेल शीट घ्या. चार रकाने पाडा: काय केलं, काय व्हायला हवं, काय झालं, पास की नापास. महत्त्वाचं म्हणजे दुसरा रकाना साइट उघडायच्या *आधी* भरा. नाहीतर जे दिसेल तेच बरोबर वाटतं.

ताईंच्या धंद्यासाठी यादी साधारण अशी झाली असती:

- पुण्याच्या पत्त्यावर १००० रुपयांचा मसाला: सीजीएसटी २५, एसजीएसटी २५.
- म्हापशाच्या पत्त्यावर तेवढाच मसाला: आयजीएसटी ५०.
- इंदूरच्या पत्त्यावर, पिनकोड ४५२००१: आयजीएसटी ५०.
- पाच आकडी पिनकोड: ऑर्डर पुढे जाता कामा नये.
- शेवटचं एक पाकीट शिल्लक असताना दोन फोनवरून एकदम ऑर्डर: एकच स्वीकारली जावी.
- पैसे भरताना मध्येच पान बंद: ऑर्डरची स्थिती तुम्हाला आणि ग्राहकाला, दोघांनाही खरी दिसावी.
- ऑर्डर रद्द: साठा परत वाढावा.

अशा २०-२५ ओळी तुमच्या धंद्यातून सहज निघतील. सुचत नसेल तर गेल्या वर्षात फोनवर झालेल्या भांडणांची आठवण काढा. प्रत्येक भांडणात एक टेस्ट दडलेली असते. आणि कराच्या ओळी एकदा सीएंना दाखवून घ्या, काय व्हायला हवं ते त्यांनाच पक्कं माहीत असतं.

चूक सापडली की डेव्हलपरला "चालत नाहीये, बघ जरा" असा मेसेज टाकू नका. त्याला काहीच कळत नाही. असं लिहा: "अमुक फोन, क्रोम ब्राउझर, दुपारी ३ वाजता, म्हापशाचा पत्ता टाकून १००० रुपयांची ऑर्डर केली. आयजीएसटी ५० यायला हवा होता, सीजीएसटी-एसजीएसटी आला. सोबत स्क्रीनशॉट." अशी एक चूक तासात दुरुस्त होते. "बघ जरा" ला आठवडा लागतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी

पहिली, ठरावातच लिहून घ्या: शेवटचा हप्ता यूएटी पास झाल्यावर. मी साधारण एक चतुर्थांश रक्कम त्यासाठी राखून ठेवायला सांगतो. यादी मात्र काम सुरू होतानाच डेव्हलपरला द्या. परीक्षेच्या दिवशी अभ्यासक्रम सांगणं योग्य नाही.

दुसरी, चूक आणि नवी मागणी यांत प्रामाणिकपणे फरक करा. गोव्याचा कर चुकला ही चूक, फुकट दुरुस्त व्हायला हवी. "आता व्हॉट्सअ‍ॅपवरही बिल जाऊ दे" ही नवी मागणी, तिचे पैसे द्यायला हवेत. या दोन गोष्टी मिसळल्या की चांगला डेव्हलपर तुम्हाला सोडून जातो.

आणि कोणी "शंभर टक्के टेस्टेड" म्हणालं तर हसून सोडून द्या. एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने फार पूर्वी सांगून ठेवलंय की टेस्टिंगमधून चुका आहेत हे सिद्ध करता येतं, चुका नाहीतच हे सिद्ध करता येत नाही. म्हणून आपण सगळं तपासत बसत नाही. जिथे चूक झाली तर पैसे, कर किंवा ग्राहकाचा विश्वास जाईल, ते आधी तपासतो.

ताईंचं पुढे काय झालं? डेव्हलपरने नियम बदलला, आता राज्य ग्राहकाने निवडायचं आणि पिनकोडशी ते ताडून बघायचं. सीएंनी आयजीएसटी भरून घेतला, परताव्याचा अर्ज केला. आणि ताईंच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आता एक वही असते. साइटवर काहीही बदललं की ती वही बाहेर निघते. पहिल्या पानावर पहिली ओळ आहे: म्हापसा, ४०३५०७.

तुमच्या वहीतली पहिली ओळ काय असेल, ते आजच लिहून काढा. आणि जमलं तर कमेंटमध्ये आम्हालाही सांगा, दुसऱ्या कोणाचे तरी पैसे वाचतील. भेटूया पुढच्या व्हिडिओत.